फाटक नंबर सत्तावीस

उकंडा हे नाव मुद्दाम ठेवलेलं.
आधीची तीन लेकरं गेली, म्हणून चौथ्याला
जन्मताच उकिरड्यावर लोळवलं,
शेजारणीला पायलीभर कोंड्यावर विकलं, परत घेतलं,
मरण फसावं म्हणून.

फौजेच्या कागदावर तेच नाव लागलं.
उकंडा गोमाजी डाखोरे, एअर गनर,
उंची पाच फूट तीन, मागच्या खुर्चीत मावणारा.

'दोघंच आमी,' आबा सांगायचे,
फाटकाच्या दांड्याला तेल देता देता.
'समोर चेंगप्पा सायेब. मी त्यायच्याकडे पाठ करून.
त्यायले दिसे कुठं जाचं.
मले दिसे कुठून आलो.'

विमानाचं नाव इंग्रजी होतं. अर्थ विचारला
तेव्हा साहेब म्हणाला, सूड.
कोणाचा, कोणावर,
ते त्यालाही कोणी सांगितलं नव्हतं.

ब्रह्मदेशातला तो पूल. वरून जपान्यांचा दारूगोळा जायचा.
आदल्या आठवड्यात सहा विमानं गेली, चार आली.
उरलेल्या दोघांच्या खाटा तशाच, मच्छरदाण्या खोचलेल्या.
चेंगप्पाने चाकावर टिचकी मारली, नेहमीसारखी.
आबांनी खिशातल्या सरक्या मोजल्या,
कारंज्याच्या जिनातून उचललेल्या. सात होत्या.

बारा हजार फुटांवरून नाक खाली.
लोकांना वाटतं, सूर मारताना जमीन अंगावर येते.
आबांना जमीन दिसलीच नाही.
चितेवर उताणं ठेवलेल्या माणसासारखं
नुसतं आभाळ,
आणि त्यात फुटत जाणारे गोळे,
'पऱ्हाटीचं बोंड फुटते ना, तसे. पन काळे.'

मग पोटाखालून वजन सुटलं. विमान वर वळलं.
आणि जमीन आली, एकदम, सगळी.
नदी. रूळ, आपल्याहून जरा रुंद.
लांब वळणावर धूर सोडत येणारी गाडी.
आणि रुळांमधून पळणारा एक माणूस,
हातात कसलंतरी कापड.
पुलाकडे नाही. झाडीकडे नाही.
गाडीकडे.

'मोजाचंच काम होतं मायं,' आबा म्हणायचे,
आणि तेलाची बुधली खाली ठेवायचे.

रिपोर्टात लिहिलं गेलं: पूल, एक कमान.
गाडीसाठी रकाना होता.
माणसासाठी नव्हता.

परतताना दीड तास
कानातल्या यंत्रात साहेबाचं गुणगुणणं.
आबांना बरं वाटलं, खुशीत आहे म्हणून.
विमान धावपट्टीवर टेकलं, इंजिन थांबलं,
गुणगुणणं थांबलं नाही.
मग थांबलं.
मांडीत लोखंड होतं, बुटात रक्त भरलेलं.
'पाठ होती ना मायी,' एवढंच.

लढाई संपल्यावर रेल्वेत भरती.
साहेबाने विचारलं, काही अनुभव?
आबा म्हणाले, रूळ वळखतो.

मग एकतीस वर्षं हे फाटक, हा कडुनिंब,
आणि दिवसातून दोनदा ती बुटकी गाडी,
जिच्यातून उतरून पोरं बोरं वेचत
आणि पळत जाऊन पुन्हा शेवटच्या डब्यात चढत.
तुरीच्या शेतांपलीकडे तिचा धूर दिसला
की आबा निशाण घेऊन गाडीकडे धावत सुटायचे,
पंधरा-वीस पावलं, धोतराचा सोगा सुटेपर्यंत.
नियमात असलं काही नव्हतं.
ड्रायव्हर हसायचे. गार्ड हसायचा.
भाकर घेऊन आलेली मीही.

काऊन धावता, आबा?
'पाह्यतो, किती पुरते.'
काय?
'अकरा. त्याच्यापाशी अकरा होते.'

मला कळलं नाही. मी ठेच्याचा कागद सोडला,
कांदा फोडून दिला.

एकदा ते बांधाकडे गेलेले असताना
गाडीची शिट्टी आली.
भाकरीचं फडकं सोडून मी हातात धरलं
आणि धावले, मोठ्याने मोजत.
अकरा झाले तेव्हा
कडुनिंबही मागे पडला नव्हता.